इंजिनाला पोतेरं

बहिरूची लॉरी येतेय हे कामशेतात बघावं लागत नसे, ऐकू यायचं. आधी इंजिनाची घरघर आणि तिच्यावर बहिरूचा आवाज. चढ लागला की "चल गं बये, चल," आणि उतार लागला की "हळू, पाय सांभाळ." डोंगरातल्या कोळ्यांच्या वाडीचा हा गडी. बापाचा जन्म म्हशींमागं गेला, आणि यानं लढाईच्या दिवसांत एका कंत्राटदाराकडे पोती चढवता चढवता गाडी शिकून घेतली. पहिल्यांदा लॉरी घेऊन तो वाडीखालच्या माळावर गेला, तेव्हा एका म्हातारीनं कळशीभर पाणी आणून चाकांवर घातलं, बैलांचे पाय धुतात तसं. मग विचारलं, "रातीची बसती का रं ही, का उभीच झोपती?"

"उभीच, मावशी. लय गुणाची हाय," बहिरू म्हणाला.

लॉरी रखमाजी आबांची. आबांचा कामशेतात तांदळाचा व्यापार. लढाई संपल्यावर कुठल्याशा लिलावात त्यांनी ही जुनी, डिझेलवर चालणारी गाडी घेतली होती. तांदूळ भरून बोरघाटानं खाली खोपोलीला जायचं आणि मिठाची पोती घेऊन घाट चढून यायचं, हा तिचा नेम.

पण त्या मार्गशीर्षात ती पाणी प्यायला लागली. इंजीन गार राहावं म्हणून पुढच्या रेडिएटरात पाणी भरतात. एरवी ते आठवडाभर पुरायचं, आता घाट चढून खंडाळ्याला आलं की दोन बादल्या ओतल्याशिवाय बाई पुढं सरकेना. आणि मजा अशी, की खाली थेंब नाही! बहिरू रोज सकाळी गाडीखाली आडवा व्हायचा, हात फिरवायचा. जमीन खडखडीत कोरडी.

आबांनी लोणावळ्याहून कोंडाजी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं विडी पेटवली, इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या आणि निकाल देऊन टाकला. "हेड तडकलंय, म्हंजी इंजिनाचं वरचं डोकं. पाणी आत जातंय अन् जळतंय. इंजीन खोलावं लागंल."

"तडकलं कशानं?" आबांनी विचारलं.

"पाण्याबिगर पळिवली आसंल. डायवर गाडीसंगं गप्पा मारनार, मंग पाणी कोन बघनार?"

आबा म्हणाले, "बहिरू, उद्या खोपोलीची खेप कर. परवा इंजीन खोलू. हेड तडकल्यालं निघालं, तर चावी माज्या हातात दे अन् म्हशी राखाय जा. त्यांच्यासंगं बोलत बस."

बहिरूच्या वाडीतल्या कुणाच्या हातात याआधी चाक आलं नव्हतं, आणि आता ते असं जाणार! "आबा, खोलायच्या आदी पाणी जातंय कुटं ते तर बघू द्या," एवढंच तो बोलला आणि कामाला लागला.

पहिल्यांदा त्यानं तेल बघितलं. तेलात पाणी शिरलं तर ते ताकासारखं पांढुरकं होतं. हे काळंभोर होतं. मग इंजीन चालू ठेवून रेडिएटरचं झाकण काढलं. आत तडा असता तर पाण्यात बुडबुडे आले असते. एकही नाही. मग मागं जाऊन धूर बघितला. पांढऱ्या वाफेचं नाव नाही. म्हणजे पाणी आत जात नव्हतं, बाहेरच जात होतं. पण दाखवायचं कसं?

"बुडबुडं चढावर येत्यात, हितं न्हाई," मिस्त्रीनं विडी झटकली.

घरी बहिरू ताटावर नुसता बसून राहिला. बायको गंगी म्हणाली, "भाकरीकडं काय बघताय? ती काय बोलनाराय?"

"गंगे, पाणी जातंय अन् तापल्या इंजिनावर सुकून जातंय. मागं काय ऱ्हात न्हाई."

गंगी फसकन हसली. "व्हय का? उतू गेल्यालं दूध सुकलं म्हनून सासूबाईंना कळायचं ऱ्हायलं का कदी? चुलीला पांडऱ्या मातीचं पोतेरं घातल्यालं आसलं की ओघळ दिसतोच. दूध लपतंय, ओघळ न्हाई लपत!"

बहिरू ताटावरून उठलाच. "गंगे, पांडरी माती किती हाय घरात?"

सकाळी अख्खं कामशेत जमलं. पदर खोचून गंगी इंजिनाला पोतेरं घालत होती. पंखा आणि पट्टा तेवढा सोडून फडकं कानाकोपऱ्यात फिरत होतं.

"वैनी, आता तोरन बी बांदा," कोंडाजी म्हणाला.

"मिस्त्री, तुमच्या हेडाला बी एक हात मारू का? तडा आसंल तर समजंल!"

आबासुद्धा मिशीत हसले. निघताना गंगी खुशाल पुढं चढून बसली. "ओघळ वळखायचा तर मी नको व्हय?" तिच्या शेजारी आबा, आणि मिस्त्री मागं पोत्यांवर.

खोपोलीला मीठ भरलं आणि घाट सुरू झाला. बहिरूच्या तोंडून शब्द निघेना. तीन वळणं गेल्यावर आबाच वैतागले. "आरं, बोल की तिच्यासंगं! मला भ्या वाटाय लागलं."

खंडाळ्याला बहिरूनं इंजिनावरचं झाकण उघडलं. इंजीन पांढरंशुभ्र. फक्त एका बाजूला, धुराच्या तापलेल्या नळीमागं, माती धुऊन ओघळ उतरला होता. थेट उतू गेलेल्या पेजेसारखा.

"ही बघा, हितनं उतू गेलीय!" गंगी ओरडली.

ओघळाच्या वर, आतल्या पाण्याचं भोक बुजवायला, रुपयाएवढी पत्र्याची टिकली इंजिनात ठोकलेली होती. गंजून तिला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. चढावर इंजीन जोरात फिरलं की त्यातून बारीक पिचकारी उडायची आणि समोरच्या नळीवर पडून वाफ व्हायची. गाडी उभी राहिली की पिचकारी बंद.

मिस्त्री बघायला वाकला, नाक पोळून मागं आला. "हेड शाबूत हाय," तो हळूच म्हणाला.

"मोट्यानं बोला, मागच्या मिठाला ऐकू गेलं न्हाई," गंगी म्हणाली.

पण मिस्त्रीही माणूस खरा. इंजीन निवल्यावर त्यानं गंजकी टिकली काढली, खिशातल्या पितळी चुनाळ्याचं झाकण ठोकून ठोकून बेताचं केलं, चिंधी गुंडाळून तिथं घट्ट बसवलं. पुन्हा पाणी भरून, घाटाच्या एका चढावर गाडी वरखाली करून बघितली. पांढऱ्या मातीवर नवा ओघळ नाही. कामशेतात आबांनी स्वतः रेडिएटरात बोट घातलं, ते पहिल्याच पेराला भिजलं. ते म्हणाले, "बहिरू, उद्या लवकर ये. चावी तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

पुढं तीन वर्षं बहिरूनं तीच लॉरी घाटात चालवली. आणि कुठल्याही लॉरीचं पाणी कमी व्हायला लागलं, की कोंडाजी मिस्त्री पान्ह्याला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला कामशेतची वाट दाखवायचा. "आदी वैनींकडनं पोतेरं घालून ये. खोलायचं मागनं बघू."