बोटीवरची संकष्टी

चहा घ्या आधी, आणि आता जे सांगते ते आमच्या सुनेसमोर काढू नका. तिला अर्धंच माहीत आहे. आख्खं कळलं तर मला या घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

आता काय झालं, गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं बोटीवर गेलो होतो. बोट म्हणजे खडकवासल्याला पेडल मारतात ती नव्हे. समुद्रातली, दहा-बारा मजल्यांची. थेट नॉर्वे. मुलाने हौसेने पाठवलं. म्हणाला, "आई, तिकिटं मी काढलीयेत. बाकीचं बुकिंग तू बघ."

बाकीचं मी बघितलं. सगळा घोटाळा या 'बाकीच्या'त आहे.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. शाळेत होते तेव्हा आख्ख्या शाळेचं वेळापत्रक मी करायचे. एकाचा तास दुसऱ्यावर चढला, असं कधी झालं नाही. मुख्याध्यापकसुद्धा सुट्टी मागायला आधी माझ्याकडे यायचे. तर बोटीचं बुकिंग म्हणजे माझ्या हातचा मळ.

आमची सफर दोन तुकड्यांची होती. पहिला तुकडा नॉर्वेच्या खाड्यांचा, दुसरा पार उत्तर टोकाचा. बोट तीच, खोली तीच, पलंग तोच, पण कंपनीच्या दृष्टीने सफरी दोन. त्यामुळे उतरून फिरायला जायच्या सहली आणि बोटीवरच्या खास हॉटेलांतली टेबलं, हे सगळं प्रत्येक तुकड्याचं वेगळं बुक करायचं. म्हणे बरेच लोक पहिल्या तुकड्याचं करतात आणि दुसऱ्याचं विसरतात. मी विसरणार? बुकिंग उघडलं त्या सकाळी देवपूजेच्या आधी मी कॉम्प्युटरपुढे बसले होते. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेली पिढी आहे आपली. धबधबा, बर्फ, कुत्र्यांची गाडी, सगळीकडे रुमाल टाकले.

यांनी मात्र यातलं काहीच मागितलं नाही. आमचे हे म्हणजे कमी बोलणारे, आणि बोलतील ते एवढं कोरडं की ऐकणाऱ्याला वर पाणी प्यावं लागतं. त्यांचं मागणं एकच होतं. बोटीवर एक इटालियन हॉटेल आहे. तिथे भलंमोठं, चाकाएवढं चीज टेबलापाशी आणतात, मध्ये खड्डा करतात आणि त्या खड्ड्यात गरम पास्ता घोळवून वाढतात. त्याचा व्हिडिओ यांनी मोबाइलवर सगळा हिवाळाभर पाहिला. रात्री औषधाची गोळी, मग व्हिडिओ, मग झोप.

आमच्या तिकिटात खास हॉटेलातलं जेवण एका तुकड्याला एकदाच होतं. पहिल्या तुकड्याचं मी जपानी हॉटेलात घेतलं. मी म्हटलं, पास्ता काय, डेक्कनलाही मिळतो. जपानी कुठे मिळायला बसलंय? तिथे गेल्यावर कळलं की शाकाहारी माणसाला तिथे भात आणि काकडी मिळते. यांनी शांतपणे काकडी खाल्ली. मला म्हणाले, "छान आहे. पुण्यात अशी काकडी मिळत नाही."

म्हणजे राहिलं काय, तर दुसऱ्या तुकड्याचं ते एक जेवण. ते मी घरूनच बुक करून ठेवलं होतं. इटालियन हॉटेलात एकाच रात्री टेबल होतं, बोट उत्तर टोकाला थांबते त्या रात्री. घेतलं. आणि मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नजर गेली. त्या दिवशी संकष्टी.

यांची संकष्टी म्हणजे साबुदाण्याची खिचडी हाणून वर चंद्राची वाट बघणारी नाही. दिवसभर चहा, फार तर एक राजगिऱ्याचा लाडू, आणि चंद्रोदयानंतर जेवण. लग्नाच्या आधीपासून, एकही चुकलेली नाही.

"दुसरा दिवस बघ," हे म्हणाले.

"दुसरा नाहीये."

"मग राहू दे."

ते 'राहू दे' मी ओळखते. त्यात माणूस काही बोलत नाही आणि पुढे दहा वर्षं आपल्याला ऐकू येत राहतं. मी म्हटलं, राहू कशाला द्यायचं? कॅलेंडरवर चंद्रोदय रात्री दहाच्या सुमाराला. हॉटेलात शेवटचं टेबल साडेनऊचं. बसायचं, पाणी प्यायचं, मेनू वाचायचा, तोवर चंद्र वर. आधी चंद्राला नमस्कार, मग चीजचं चाक. आणि त्यानंतर अकराला बसने टोकावरच्या कड्यावर जायचं, मध्यरात्रीचा सूर्य बघायला. ती सहलही मीच बुक केलेली.

हे सगळं मी यांना बोटांवर मोजून समजावलं. साडेनऊ टेबल, दहा चंद्र, अकरा बस, बारा सूर्य. एक तास दुसऱ्यावर चढत नव्हता.

हे म्हणाले, "एका रात्रीत दोघंही दाखवणार? पैसे वसूल."

मला वाटलं, कौतुक करतायत.

तो दिवस उजाडला. उजाडला म्हणजे काय, आदल्या दिवसाचा मावळलाच नव्हता. दिवसभर यांनी चहावर काढला. बोटीवर उपास करणं फार अवघड असतं. जिकडे बघावं तिकडे माणसं खातायत. लिफ्टमध्ये खातायत, पोहण्याच्या तलावात उभी राहून खातायत. हे डेकवर शाल घेऊन बसले होते, समुद्राकडे तोंड करून, कारण तेवढीच एक दिशा होती जिकडे कोणी खात नव्हतं.

साडेनऊला आम्ही हॉटेलात. खिडकीतलं टेबल. यांनी नवा शर्ट घातला होता. आणि खिडकीतून ऊन येतंय. चांगलं दुपारी चारसारखं, डोळ्यांत. वेटरने नम्रपणे पडदा अर्धा खाली घेतला.

मी म्हटलं, "येईल हं अंधार. आत्ता साडेनऊच झालेत."

यांनी त्या उन्हाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

वेटरने पाव आणला, लोणी आणलं. यांनी हात जोडून नको म्हटलं. वेटर गोंधळला. इंग्रजीत विचारतो, कोणाची वाट बघताय का? आता त्याला संकष्टी कुठे समजावू? मी म्हटलं, हो, दहापर्यंत येईल. तो बिचारा गेला आणि तिसरी खुर्ची घेऊन आला. तिसरी ताटली, तिसरा ग्लास, काटे-चमचे, कापडी रुमालाचं कमळ. सगळं नीट मांडलं.

"बस आता," हे म्हणाले. "आला की वाढता येईल."

दहा वाजले. ऊन तसंच. सव्वादहा झाले. मी दोनदा बाहेर डेकवर जाऊन आले. चारी बाजूंना लख्ख प्रकाश, आणि चंद्राचा पत्ता नाही. परत आले तर वेटर टेबलापाशी उभा. म्हणाला, साडेदहाला स्वयंपाकघर बंद होतं. आपल्या पाहुण्यांची खोली सांगितलीत तर मी फोन करून बोलावतो.

"सांग त्याला," हे मराठीत म्हणाले. "सगळ्यात वरचा मजला."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ उठून आले. साठीचे, हसरे, गळ्यात कॅमेरा. "माफ करा हं, मी मगापासून ऐकून राहिलो. मी वानखेडे, नागपूरचा. मॅडम, काहून थांबून राहिले तुम्ही?"

मी म्हटलं, "संकष्टी आहे. चंद्रोदयासाठी थांबलोय."

वानखेड्यांचा चेहरा एकदम कनवाळू झाला. "अरे बाप्पा. चंद्र नाही येत ना इकडे."

"आज उशीर आहे का?"

"आज नाही, उद्याही नाही." त्यांनी आमच्या टेबलावरचा पाव मध्यभागी ठेवला, लिंबाची फोड एका बाजूला आणि मिठाची डबी समोरच्या बाजूला. "हे पहा मॅडम. हा पाव म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे सूर्य. इकडे सध्या सूर्य बुडतच नाही. बरोबर? आता पुनव होऊन तीन-चारच दिवस झाले, म्हणजे चंद्र जवळपास सूर्याच्या समोरच्या अंगाला. सूर्य दिवसरात्र वर, तर हा दिवसरात्र खाली. आता परवा-तेरवाच दिसेल. समजून राहिलं ना?"

नागपूरचा माणूस पुण्याच्या माणसाला समजावतोय, आणि तेही इतक्या गोड. मी मान हलवली.

हे पावाकडे बघत होते. "म्हणजे उपास तेरवा सुटणार," एवढंच म्हणाले. आणि हळूच खुर्ची मागे सरकवली. "चल. वेटरला उगाच ताटकळत ठेवू नको. राहू दे."

झालं. आलंच ते 'राहू दे'. तिकडे स्वयंपाकघराच्या दाराशी चीजचं चाक गाड्यावर तयार उभं होतं. यांनी जाता जाता त्याच्याकडे एकदा बघितलं. खरं सांगते, मला रडूच आलं. माणसाने आख्ख्या सफरीत एक गोष्ट मागितली, आणि ती मी अशी घालवली.

मी यांचा हात धरला. "बसा. पुण्यात उगवलाय चंद्र. केव्हाच."

"मी पुण्यात नाहीये."

"पावसाळ्यात चार-चार महिने कुठे दिसतो तो? तेव्हा कॅलेंडरवरची वेळ बघून सोडताच ना?"

"तेव्हा तो ढगामागे असतो, शैला. इथे तो नाहीच."

मग मी शेवटचं शस्त्र काढलं. आक्कांना फोन लावला. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. आम्ही इकडे म्हणून घर सांभाळायला येऊन राहिल्या होत्या. यांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं असेल तर त्यांचं. पुण्यात तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते, हे माझ्या डोक्यातच नाही.

पहिल्याच रिंगला फोन उचलला. "कोण गेलं?"

"कोणी नाही, आक्का. इथे चंद्र उगवत नाहीये."

"तुम्ही दोघं नीट जेवताय ना तिकडे?"

"तेच तर अडलंय."

मी सगळं सांगितलं. आक्का म्हणाल्या, "दे त्याला." फोन स्पीकरवर टाकला. वेटर, वानखेडे, वानखेडे वहिनी आणि मागच्या टेबलावरचं एक जर्मन जोडपं, सगळे वाकून ऐकतायत.

"काय रे, तुझ्या घरच्या गणपतीपुढे आज दिवा कोणी लावला?"

"तू."

"नैवेद्य कोणी दाखवला?"

"तू."

"मग चंद्रही मीच बघितलाय. ढगातून एवढासा दिसला, तुझ्या नावाने नमस्कार केला आणि जेवले. आता मुकाट्याने जेव. दोन वाजलेत इथे. आणि शैलाला दे."

मी फोन कानाला लावला.

"अगं," आक्का म्हणाल्या, "तू बरोबर असताना हे असं झालंच कसं?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.

चाक आलं. पास्ता घोळला गेला. यांनी डोळे मिटून हात जोडले, बहुधा पुण्याच्या दिशेला, आणि पहिला घास घेतला. नंतर दुसऱ्यांदा मागितला. तिसऱ्यांदा वेटरने न विचारता वाढला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि माझाही जीव भांड्यात पडला. तिसऱ्या खुर्चीवर वानखेडे बसले, त्यामुळे वेटरचाही जीव भांड्यात पडला. पाहुणे उशिरा का होईना, आले.

वानखेडे माणूस फार चांगला. निघताना त्यांनी पुन्हा पाव आणि लिंबू जवळ ओढलं. "मॅडम, नीट समजलं ना? का आणखी एकदा सांगू? ही गोष्ट चटकन नाही ध्यानात येत."

मी म्हटलं, "नको, समजलं."

"वाईट नका वाटून घेऊ. आपण काय करत होत्या, रिटायर होण्याआधी?"

"शाळेत होते," मी म्हटलं, आणि चटकन पर्स उचलली. "चला, बस चुकेल."

"अरे वा. काय शिकवायच्या?"

मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. चष्मा नाकावरच होता.

यांनी रुमालाने तोंड पुसलं. पोट भरल्यावर माणूस मोकळा होतो म्हणतात, ते खोटं नाही.

"भूगोल," हे म्हणाले. "नववीचं गाइड हिनेच लिहिलंय."