डिंकाला तार येईपर्यंत

भोकरदनहून निघालेल्या एसटीच्या खिडकीत मक्याचा ओला वास साचला होता. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीपाशी उतरले आणि त्याच्या जागी दुसराच आला: गोड, टोचरा, अतिपिकल्या फळासारखा.

"वासाच्या मागे चालत ये," सुनंदाने फोनवर सांगितले होते.

ही माझी कॉलेजातली मैत्रीण नोकरी सोडून इथे सुतारकामाचा पांढरा डिंक बनवते. भाड्याची शेड, एक पोलादी हंडा. मागचा घाणा (एका वेळी शिजणारा माल) गुठळ्या होऊन वाया गेला होता. हाही गेला तर शेड सोडायची, असे तिने घरी कबूल केले होते.

हंड्यात पाणी मंद फिरत होते. ज्याच्या वासामागे मी आले होते तो उग्र, उडून जाणारा द्रव काचेच्या नळीतून त्यात थेंबाथेंबाने उतरे. उष्णतेत त्याचे सुटे कण एकमेकांचा हात धरतात, साखळ्या लांबत जातात आणि पाण्यावर दुधाळ पहाट होते. मी पाहतच राहिले.

राजूरचे सुतार हमीदचाचा नमुना न्यायला आले होते. "बाई, डिंक करून राह्यल्या का खीर?"

"बिघडलेली खीर खाता तरी येते, चाचा!" सुनंदा म्हणाली.

तेवढ्यात वीज गेली. ढवळणे थांबले. उष्णता एका जागी साचली की गुठळ्या ठरलेल्याच. सुनंदाने थेंब बंद केले, हंड्याभोवती गार पाणी सोडले आणि मोटरचा पट्टा काढून ढवळणीचे चाक हातानेच ओढू लागली. मी दुसरी बाजू धरली.

"सरका, जल्दी! खाली लागंल ना!" चाचा बाह्या सारून पुढे आले.

वीज परतली तेव्हा आमचे तळवे लालबुंद झाले होते. पुन्हा थेंब सुरू झाले, संपले. संध्याकाळी वासही विरला; सगळा द्रव साखळ्यांत गुंफला गेला होता. सुनंदाने चिमटीत थेंब घेऊन बोटे विलग केली. साखरेच्या पाकाला येते तशी तार आली, रेशमी, लांब. तिने डबीभर डिंक चाचांपुढे धरला.

चाचांनी सागाचे दोन तुकडे चिकटवून दगडाखाली ठेवले. सकाळी येऊन त्यांनी हातोडा घातला. लाकूड कडाडले आणि फुटले ते सांध्याच्या शेजारी; सांधा तसाच होता.

"माझा साग गेला की!" चाचा ओरडले. मग हसले. "भरा डबे. बिलकुल थांबू नका."

सुनंदाने पहिला डबा हंड्यापाशी ओढला.

परतीच्या एसटीत मी अंगठ्यावर वाळलेला डिंकाचा पापुद्रा सोलला. उजेडात धरला तर त्यावर माझ्याच त्वचेच्या रेषा होत्या, आणि त्यांच्यातून मागे सरणारी शेते. झाकण उघडे राहिले असते, तर जो उग्र द्रव काल वाऱ्यावर उडून गेला असता, त्याने मला इतके जपून धरले होते.