शेवंतीच्या पाठीतली नळी

भाईंदरच्या कोळीवाड्यात शेवंतीचा आवाज ज्याला ठाऊक नाही, तो एकतर बहिरा असायचा नाहीतर नवा. मीरा रोडच्या बाजारात ती मासळी विकायची. गिऱ्हाईकाने पापलेटाचा कल्ला नुसता उचलून पाहिला, तरी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू व्हायची. तिचा नवरा काशीनाथ घरी बसून जाळी विणायचा आणि गप्प राहायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला मधे बोलायला फटच सापडली नव्हती.

त्र्याण्णव साली शेवंतीच्या ओटीपोटात कॅन्सर निघाला. रेडिएशनची लाइट देऊन झाली, पण गाठ नसांवर दाबत राहिली. बसवेना, झोपवेना. गोळ्या घेतल्या की दिवसभर गुंगी, आणि गुंगी उतरली की कण्हणं. भल्याभल्यांना गप्प करणारी बाई स्वतःच गप्प झाली, तेव्हा कोळीवाड्याने ओळखलं की आता काही खरं नाही.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि जो तो तिच्या उशाशी बसून मन मोकळं करू लागला. बाजारात शेजारी बसणारी गिरिजा पदराने डोळे पुसत म्हणाली, "शेवंते, तुजी मासली शिली असते असं गिऱ्हाईकांना मीच सांगायची. माफ कर गो." वरसाव्याची नणंद अंबिका आली. "वयनी, तुज्या पायातल्या चांदीच्या मासोळ्या लग्नघरात हरवल्या न्हवत्या. माज्याकडं हायत."

शेवंतीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. तिला ऐकू येत नसावं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. काशीनाथनेही. एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून तो तिच्या कानाशी वाकला. "तुज्या हातचा जवला मना कवाच आवडला न्हाय. मी मांजरीला घालतंय." एवढं बोलून त्याला इतकं हलकं वाटलं, की तो हुंदके देऊन रडला.

त्यानंतर चार दिवसांनी तो तिला मुंबईच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथे फक्त दुखणं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, "मणक्याच्या आत पाणी असतं. त्या पाण्यात बारीक नळी सोडायची, नळीचं दुसरं टोक बरगडीवर कातडीखालच्या डबीला जोडायचं, आणि रोज डबीत सुई टोचून मॉर्फिन द्यायचं. गोळीतून देतो त्याच्या मानाने अगदी थेंबभर लागतं, कारण औषध सरळ नसांपाशी पोचतं. गुंगीही कमी. कॅन्सर जाणार नाही हं, पण दुखणं आटोक्यात येईल."

"पाठीत नली?" काशीनाथचा हात स्वतःच्याच पाठीकडे गेला.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून बऱ्याच दिवसांनी आवाज आला. "म्हंजे मधला दलाल काढला. करा."

आधी नुसत्या सुईने एकदा औषध देऊन पाहिलं. थोड्या वेळाने शेवंतीने चहा मागितला आणि तो गारढोण असल्याबद्दल काशीनाथचा उद्धार केला. इतक्या आनंदाने त्याने शिव्या कधीच खाल्ल्या नव्हत्या.

नळी बसवून तिला घरी आणलं. पेणकरपाड्याची नीलम सिस्टर रोज सकाळी यायची. दादरहून इकडे राहायला आलेली, घरी कांदासुद्धा बेताचा. कोळीवाड्यात शिरताना तिचा श्वास आपोआप कोंडायचा. पण हात स्वच्छ धुऊन ती डबीत सुई घालायची ती अगदी अलगद.

"मावशी, हलायचं नाही. आणि बोलायचंही नाही."

"बोलल्याबिगर श्वास कसा घिऊ?" शेवंती विचारायची.

औषधाने तिचं नाक सारखं खाजायचं. तसं होणार, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

वरसाव्याला निरोप पोचला, की शेवंतीला हॉस्पिटलातून घरी आणली. तिकडे त्याचा अर्थ एकच लागला. अंबिका रिक्षाभर बायका घेऊन आली आणि गल्लीच्या तोंडापासूनच तिने गळा काढला. काशीनाथ जाळं टाकून धावत बाहेर आला. घाबरला की त्याला शब्द सुचत नसत.

"वयनी कुठं हाय रे, दादा?"

"न्हाय ती," तो म्हणाला.

बायकांनी एकदम हंबरडा फोडला. शेजारची दारं उघडली. काशीनाथ दोन्ही हात हलवत ओरडला, "बाजारात गेलीय! पापलेट घिऊन!"

सगळा ताफा तसाच बाजारात गेला. शेवंती दोन उशांवर बसून नाक खाजवत होती. शेजारी गिरिजा घसा बसेपर्यंत ओरडत होती, "शेवंतीची मासली ताजी हो, एकदम ताजी!" सकाळपासून तिला तेच काम लावलं होतं. शेवंतीने नणंदेच्या रडक्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"रडायला आलीस तं रड. पन आधी मासोळ्या काढ."

अंबिकाने पालथ्या टोपलीवर बसून, भर बाजारात, मुकाट्याने त्या काढून दिल्या.

ते पाहून काशीनाथला जवळा आठवला आणि तो हळूच बायकांच्या मागे सरकला. पण घरी आल्यावर शेवंती त्याला काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एका दुपारी तिने जवळा केला, दोन ताटल्या मांडल्या आणि मांजरीला आणून काशीनाथशेजारी बसवलं.

"जेवा दोगं."

"तू... ऐकलंस?"

"मना कॅन्सर पोटात झालाय. कानात न्हाय."

काशीनाथला आधी घाम फुटला, मग हसू. शेवंतीही हसली, तशी तिला कळ आली आणि ती आणखी हसली. त्या दिवसापासून काशीनाथ बोलायला लागला. लग्नात तिच्या बापाचा किती धाक वाटला होता, होडी बुडाली तेव्हा काय काय मनात आलं होतं, सगळं. दुपारी दमलेली शेवंती भिंतीला टेकून ऐकायची आणि त्याच्या चुका काढायची.

पुढे दुखणं चढत गेलं तसं डॉक्टरीणबाई औषध वाढवत गेल्या. बाजार सुटला, मग दारापुढचा ओटाही सुटला. पण तिला पुन्हा तशी कण्हताना कोणी ऐकलं नाही. मार्गशीर्षात एका दुपारी दोन घास भात खाऊन ती भिंतीला टेकली. काशीनाथ नव्या जाळ्याबद्दल काहीतरी सांगत होता. मधेच त्याच्या लक्षात आलं, की ती उलटून बोलत नाहीये. आपलं काहीतरी चुकलं, रागावली असेल, असं त्याला वाटलं. म्हणून ती बोलायची वाट बघत तो बराच वेळ तिच्याशेजारी गप्प बसून राहिला.