पेंडीतला दात

त्या दुष्काळात आमच्या भागात दोनच पिकं जोरात आली, सहकारी संस्था आणि हाडं. माळावर इतकी जनावरं मरून पडली की गिधाडं ढेकर देत पायी हिंडायची. हाडं गोळा करायला ट्रक यायचा. तो कुठं जातो, हे कुणी विचारलं नाही.

कडबा संपला तसं दूध संस्थेच्या चेअरमननं स्वस्तातली ‘ताकदीची पेंड’ आणली. आमची एकुलती गाय बरगड्यांवर आलेली. आता ही पेंड खाईल तरच जगेल, अशी गत. पोतं सोडलं आणि असला वास सुटला की उडता कावळा खाली बसला. गाईनं तोंड फिरवलं. गावातली कुत्री मात्र लग्नाच्या पंगतीला यावीत तशी गव्हाणीपाशी ओळीनं बसली.

आमच्याकडं बायका भिजवलेली पेंड गाईपुढं ठेवण्याआधी मीठ बघायला चिमूटभर जिभेवर ठेवतात. गाय खाईना म्हणून आईनं त्या दिवशी चांगला घास घेतला. कर्रकन वाजलं. तळहातावर थुंकली, तर मेंढीचा दात. मुळाशी काळं, चिकट काहीतरी. आई माळकरी, अंड्याचं टरफल दिसलं तरी रस्ता बदलणारी.

जनावरांच्या डॉक्टरनं दात उलटसुलट केला. "बिलायतेत मेंढ्यांना मेंदूचा रोग होता. त्यांचं हाड-मांस दळून गाईंना चारलं अन् गाईंच्या मेंदूची पार चाळण झाली, म्हणतात. उकळून बी मरत न्हाई तो रोग."

"आपल्याकडं हाय का?" मी विचारलं.

"कुणी बघितला न्हाई. पण गवत खाणाऱ्याला मढं कशाला चारायचं?"

आई तशीच संस्थेत गेली, मी मागं. चेअरमन बशीत चहा ओतत होते. सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, जनावरच हाय ते. त्याला काय कळतंय?"

"तिला कळलं, भाऊजी. मलाच न्हाई कळलं."

दात तिनं त्यांच्या बशीला टेकवून ठेवला. चहावर साय धरली, तरी त्यांनी बशी उचलली नाही.

घरी येऊन आम्ही कुत्री हाकलत पेंड पुरली. मग वडील शिडी लावून गोठ्यावर चढले आणि छपराचं जुनं पाचट उपसून खाली टाकू लागले. गाईनं हुंगलं आणि चघळायला लागली. आई दगडावर बसून चूळ भरत होती. टँकरच्या पाण्याचा हंडा तळाला गेला. वडिलांनी वरून पाहिलं, आणि दुसरा हंडा आणायला मला आत पाठवलं.