पुंजारामाच्या डोक्यातलं पाणी

खर्ड्याच्या आसपास पुंजाराम पाणाड्याला न ओळखणारा माणूस सापडणं अवघड, आणि त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलेला माणूस सापडणं त्याहून अवघड. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो रानातून फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली. बोअर कोरडी गेली तर दोष त्याचा नसे, शेतकऱ्याने मनात शंका धरलेली असे. तरी लोक पुन्हा त्यालाच बोलावत. आता काय म्हणावं!

सत्तरी उलटली आणि पुंजारामाचे पाय चालता चालता जमिनीला चिकटू लागले. श्रीमंत नावाच्या उतावळ्या बागायतदाराच्या रानात हे पहिल्यांदा घडलं. नारळ आडवाच होता, पण पाय उचलेनात. श्रीमंतने तिथेच बोअर घेतली आणि नशिबाने पाणी लागलं. झालं! 'बाबांना आता जमीनच धरून ठेवती' ही वार्ता जामखेडपर्यंत गेली. खरं काय ते पुंजारामाला ठाऊक होतं. त्याने मूग गिळले आणि एक भगवा फेटा तेवढा विकत घेतला.

घरी त्याची बायको झुंबरबाई रोज त्याची ओली धोतरं धूत होती. एका सकाळी त्याने तिलाच विचारलं, "तुमी कुनाच्या म्हनायच्या?" तिने पोराला, अंगदला, गाडी काढायला लावली आणि नवऱ्याला नगरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो दाखवला. "बाबा, मेंदूच्या आत पोकळ्या असतात. तिथे रक्तातून पाणी झरतं, दिवसाला साधारण अर्धा लिटर. ते मेंदूभोवती, मणक्यातून फिरतं आणि परत रक्तात जिरतं. जेवढं झरतं तेवढं जिरायला हवं. तुमचं नीट जिरत नाही. पोकळ्या फुगल्यात, म्हणून पाय अडतात, लघवी आवरत नाही, विसर पडतो."

"माज्या डोक्यात पानी?" पुंजाराम हबकला. "आन् मला कळलं न्हाई?"

"गावाच्या रानातलं कळतंय की," झुंबरबाई म्हणाली.

बाईंनी पाठीच्या मणक्यातून सुईने थोडं पाणी काढलं. संध्याकाळी पुंजाराम दवाखान्यात तरण्या गड्यासारखा फिरला. बाईंनी बजावलं, "ही नुसती परीक्षा होती. पाणी रोज नवं होतं, पुन्हा साठणार. डोक्यातून पोटापर्यंत आतून नळी बसवू. जादा झालं की तिची झडप उघडेल." पण पुंजारामाच्या मते उपसलं म्हणजे संपलं. जन्मभर लोकांना झऱ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्याला एवढं कळू नये!

गावी आल्यावर तो एका रानातून कुठेही न अडता सरळ पलीकडे गेला. मालकाचं तोंड पडलं. "बाबा, जमीन धरीना व्हय?" त्याने चहासुद्धा विचारला नाही. पुंजारामाला ते फार लागलं. म्हणून चार दिवसांनी पाय पुन्हा चिकटले तेव्हा हा गडी चक्क खूश झाला. नळीचं नाव काढलं की फेटा बांधायला घ्यायचा.

मग उन्हाळ्यात कल्याण नावाच्या शेतकऱ्याच्या रानात त्याचे पाय असे धरले की सुटेचनात. कल्याणने पायांवर हळद-कुंकू वाहिलं. माणसं जमली.

"हात द्या रे, मला बाजूला जायचंय," पुंजाराम कळवळला. पण जागा हुकेल म्हणून कोणी त्याला हलवेना. शेवटी व्हायचं ते झालं. धोतर भिजलं, पायाखालची माती भिजली आणि एका शहाण्याने हात जोडले, "पान्यानं आधीच दर्शन दिलं!"

हसलं कोणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भर उन्हात, एवढ्या जोडलेल्या हातांपुढे पुंजारामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरोप मिळून झुंबरबाई आली तेव्हा तो लहान पोरासारखा रडत होता. "झुंबरे, ती नळी बसव मला."

तिने त्याचं बखोट धरलं तसा कल्याण आडवा आला. "काकू, बोअरची गाडी निघालीय. बाबांना हलवू नका."

"हितं खुंटी ठोक," ती म्हणाली. "नवरा माजा हाय."