भाऊजी थांबायचे ती जागा

सुधाकर भाऊजी गेल्याचं सांगायला पुतणी आली, तेव्हा मी चहाचा डबा पुसत होते. त्याच डब्याला टेकवून ते रोज सात वाजता मोबाइल उभा करायचे…

भाऊजी माझे धाकटे दीर. छत्तीसगडात चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरी केली आणि जन्मभर भीमगीतं गायली. एक ओळ म्हणून ते थांबायचे, मागचे सगळे ती ओळ उचलायचे. रिटायर झाल्यावर त्यांच्या गायनपार्टीतले लोक नागपूर-गोंदियाला परतले. मग त्यांच्या मुलीने, म्हणजे या पुतणीनेच, त्यांना मोबाइलवर लाइव्ह गायला शिकवलं. त्यांच्या घरी टीव्हीचा गोंगाट, म्हणून कार्यक्रम आमच्या स्वयंपाकघरात. पहिल्या दिवशी त्यांनी मोबाइलपुढे सतरंजी अंथरली. पडद्यावर आकडा दिसला तसे म्हणाले, “वैनी, अकरा जण आले, चाय मांडा.” मी खरंच मोठं पातेलं ठेवलं. पण ओळ म्हणून भाऊजी थांबले, तर पुढे सगळं गप्प. लोक तिकडे गातही असतील, आवाज इकडे कसा येणार? “नागपूरवाले रुसले वाटते,” ते मोबाइललाच म्हणाले.

आठवडाभर असंच चाललं. एका संध्याकाळी त्यांनी गाणं अर्ध्यावर सोडून खंजिरी पिशवीत घातली. “बंद करतो आता. भिताडापुढं गाऊन काय करू?”

मी चौथी शिकलेली, चारचौघांत स्वतःचं नावही नीट न सांगणारी. पण ती पिशवी बघवेना. तोंडावर पदर घेऊन दाराआडून मी ती ओळ म्हटली. भाऊजींनी वळूनही पाहिलं नाही. खंजिरी काढली आणि पुढचं कडवं धरलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, “गोंदियावाले विचारून राहिले, थे बाई कोण हाय म्हणून.”

“मंग काय सांगतलं?”

“सांगतलं, आमचा फ्रिज हाय. जुना झाला, आवाज करते.”

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दाराआड.

भाऊजींच्या जलदानविधीला पुतणीने त्यांचं मोबाइलमध्ये राहिलेलं पहिल्या दिवसाचं गाणं लावलं. मोबाइल त्याच डब्याला टेकवलेला. घर माणसांनी भरलेलं. भाऊजी ओळ म्हणून थांबले. ती जागा रिकामी… तेव्हा मी गात नव्हते ना. सगळे मान खाली घालून बसलेले आणि मोबाइलमधले भाऊजी वाट बघत होते. पदर घ्यायचं राहूनच गेलं. मी ओळ म्हटली.

“नागपूरवाले रुसले वाटते,” भाऊजी म्हणाले.

नागपूरवाले समोरच बसले होते. आधी हसले, मग डोळे पुसले. पुढची ओळ सगळ्यांनी उचलली.

डबा अजून ओट्यावर तिथेच असतो. सात वाजता त्याच्यापुढे उभी राहून मी एखादी ओळ म्हणते. आतून कोणी विचारलं, कोण गाऊन राहिलं, तर सांगते, फ्रिज आहे.