पार्लमेंटच्या बाजूची बंदूक

माझी बायको सुनंदा गेली, तिलाही हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — मीच सांगितलं नाही. कोणालाच नाही.

इंग्लंडात लीड्सला आल्यावर मला एक विचित्र नाद लागला. इथे उन्हाळ्यात माणसं इथलं जुनं यादवी युद्ध हौसेने, लुटुपुटीचं, पुन्हा लढतात. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. मी पार्लमेंटचा बंदूकवाला. राजा असला म्हणून काय, त्यालाही जाब द्यावाच लागतो — हे मी पबमध्ये तावातावाने सांगायचो. कीथ राजाकडचा, पोटापाण्याला पियानो ट्यून करायचा. त्याचा धाकटा भाऊ गॅरी नवीनच आमच्या रांगेत आला होता, माझ्या शेजारी. कीथ म्हणायचा, "अरविंद, राजा जिंकला की आधी तुला लटकवणार. गॅरीला नंतर. भाऊ आहे शेवटी!"

बंदुकीत गोळी नसते, नुसती दारू. पण नियम कडक: बार उडाला नाही तर हात वर करून रांगेबाहेर जायचं. वरून पुन्हा दारू भरायची नाही.

त्या रविवारी आपल्या मराठी मंडळातली कुटुंबं डबे घेऊन बघायला आली होती. पोरं ओरडत होती, "काका, राजाला उडवा!" पहिल्या फैरीत माझा बार उडाला नाही. त्या आवाजात, धुरात कोणाला कळलं नाही. मला कळलं — हे नीट सांगतो, मला कळलं होतं. पण सगळ्यांदेखत हात वर करून बाहेर जायचं? मी वरून पुन्हा दारू ओतली.

दुसऱ्या फैरीला दुप्पट दारूचा धडाका झाला. कीथ धावत अगदी जवळ आला होता. तो कान धरून खाली बसला. लोकांना अभिनय वाटला, टाळ्या पडल्या.

त्याचा उजवा कान गेला. पियानोचं काम सुटलं. चौकशीत गॅरी म्हणाला, "मी नवा आहे. माझ्याच हातून जास्त पडली असेल." मी शेजारी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोललो? पथकात मी एकटाच सावळा होतो, म्हणून? हे कारण मी स्वतःला खूप वर्षं दिलं. ते खरं नाही. सगळे मला भरवशाचा माणूस म्हणत — ते मला सोडवलं नाही.

कीथने गॅरीशी बोलणं टाकलं. ख्रिसमसला भाऊ दोन घरी. मी दोन्हीकडे जायचो, चिवडा घेऊन.

गेल्या महिन्यात गॅरी वारला. त्याची बायको ट्रेसी फोनवर म्हणाली, "कीथ येणार नाही म्हणतो. त्याच्या जागी तू शवपेटी उचलशील? तू गॅरीला कधी दोष दिला नाहीस."

मी गेलो. भावाच्या जागी उभं राहून खांदा दिला. बाहेर आल्यावर ट्रेसीने माझा हात धरून आभार मानले.

ते मी घेतले.